पेरणीपासून छपाईपर्यंत : कृषी शोधनिबंधाचा मागोवा

बिहारमधल्या पुसा येथे १९०५ मध्ये शेती संशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया’ निघू लागले. त्या काळचा लेख म्हणजे जाणकार अधिकाऱ्याने केलेले ऐसपैस निवेदन. अमुक खताने ऊस चांगला आला, तमुक किडीने कापूस खाल्ला, असे तो लिहीत असे आणि वाचणारा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत असे. निरीक्षणे पुष्कळदा बारीक असत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाचा घराघरांत जाऊन अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. एवढ्या कष्टाने गोळा केलेली आकडेवारी आजही फार थोड्या प्रबंधांत दिसते.

पण पिकांवरच्या प्रयोगांत एक अडचण होती. शेत कुठेच एकसारखे नसते. एका टोकाला खोल काळी जमीन, तर दुसऱ्या टोकाला हातभर खालीच मुरूम. मग नव्या वाणाचे उत्पन्न जास्त आले ते वाणामुळे की जमिनीमुळे, हे कसे ठरवायचे?

याचे उत्तर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात मिळाले. तिथे १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू होते आणि आकड्यांचे ढीग साचले होते. ते उलगडण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर रुजू झाले. त्यांनी सांगितलेला मार्ग आज कृषी पदवीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. शेताचे गट पाडायचे, प्रत्येक गटात सगळ्या उपचारांना, म्हणजे तपासायच्या वाणांना किंवा खतांना, जागा द्यायची, मात्र कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. अशा पुनरावृत्तींमधून गटागटांतला जमिनीचा फरक वेगळा काढता येतो आणि उपचाराचा परिणाम उरलेल्या योगायोगाच्या फरकाशी ताडून पाहता येतो. शोधनिबंधाचे हस्तलिखित बदलले ते इथून. आता लेखकाच्या अधिकारापेक्षा तक्त्याखालची ‘सीडी’, म्हणजे क्रिटिकल डिफरन्सची ओळ मोठी झाली. दोन वाणांतला फरक त्या आकड्यापेक्षा कमी भरला की दोन्ही ‘अ‍ॅट पार’, म्हणजे बरोबरीचे, मग लेखकाचे मत काहीही असो. शेतीविज्ञानाला मिळालेली ही सर्वांत मोठी शिस्त.

भारतात ही शिस्त लवकर आली. ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस’ १९३१ मध्ये सुरू झाले. जानेवारी १९३८ मध्ये फिशर स्वतः कोलकात्याला संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे, अशा आशयाचे त्यांचे विधान याच भाषणातले आहे.

ही पद्धत देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पोहोचवली दोन मराठी माणसांनी. इंदूरच्या कापूस संशोधनातून पुढे आलेले व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये छापलेले त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक इतके रुळले, की ‘पानसे आणि सुखात्मे यांच्या पद्धतीने विश्लेषण केले’ हे वाक्य ‘साहित्य व पद्धती’ या भागाच्या शेवटी जवळजवळ ठरूनच गेले. सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. गावोगावच्या प्रयोगक्षेत्रांवर मात्र त्यांचे नाव पानशांच्या नावाला जोडूनच घेतले जाते, आणि तो मान फार मोठा आहे.

याच सुमारास दशमान पद्धत आली. एकरी पौंड आणि मण जाऊन हेक्टरी क्विंटल आले, त्यामुळे जुन्या निकालांशी तुलना करायची तर आधी आकडे बदलून घ्यावे लागत.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही महाराष्ट्रातली चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. १९७६ पासून ‘जर्नल ऑफ महाराष्ट्र अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज’ निघू लागले. तेव्हाचे हस्तलिखित हाताने घडत असे. फॅसिटच्या गणनयंत्राची मूठ फिरवत वर्गांच्या बेरजा करायच्या, आलेख ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढायचे, कार्बन घालून प्रती टंकित करायच्या आणि पाकीट टपालात टाकायचे. परीक्षकाने एक तक्ता वगळायला सांगितला, की पानेच्या पाने पुन्हा टंकित करावी लागत. त्या कष्टांचे उगाच गोडवे गाऊ नयेत, पण हाताने बेरीज करणाऱ्याला विसंगत आकडा तिथल्या तिथे खुपायचा, हेही तितकेच खरे.

संगणकाने ते कष्ट संपवले. हस्तलिखित आता कृषी अनुसंधान परिषदेच्या संकेतस्थळावर चढते. पण त्याच काळात नोकरी आणि बढती छापील निबंधांच्या गुणांना बांधली गेली. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण देते आणि निबंध कुठे पाठवायचा हे पुष्कळदा त्या गुणांवरूनच ठरते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक फोफावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. याद्या बदलून निबंधाचा दर्जा सुधारत नाही. तो प्रयोगक्षेत्रावरच्या नोंदवहीत ठरतो: पावसाने कोणता वाफा बुडाला, कोणत्या ओळीत तुटाळी पडली, हे त्याच दिवशी लिहिले गेले की नाही यावर.

म्हणून येत्या खरिपात प्रयोग घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेरणीआधीच आराखडा घेऊन संख्याशास्त्र विभागात जावे. आणि मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे: ज्या प्रयोगात उपचारांमध्ये काहीच फरक आढळला नाही, तोही छापायला पाठवू द्या. नाहीतर तोच प्रयोग, तोच खर्च, पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा होईल.