खडूची रेघ पुसली गेली, नोंद मात्र राहिली : पार्किंगवर नजर ठेवणारे कॅमेरे आणि त्यांनी उभे केलेले प्रश्न

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ या शहरात २०१४ ते २०१७ या काळात एका महिलेच्या मोटारीवर पार्किंगच्या दंडाच्या पंधरा पावत्या लागल्या. पद्धत दर वेळी तीच. कर्मचारी टायरवर खडूने खूण करी, काही वेळाने परत येई आणि खूण जागच्या जागी दिसली की गाडी हललेली नाही असे समजून पावती लावी. दंड पंधरा डॉलरपासून सुरू होत असे. वरकरणी किरकोळ वाटणारे हे प्रकरण फेडरल न्यायालयात गेले आणि २२ एप्रिल २०१९ रोजी सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अनेक शहरांच्या पार्किंग विभागांना विचारात पाडणारा निकाल दिला. माहिती मिळवण्याच्या हेतूने नागरिकाच्या मालमत्तेला हात लावणे, मग ती खडूची एक रेघ का असेना, ही चौथ्या घटनादुरुस्तीच्या अर्थाने ‘झडती’ आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०२१ मध्ये याच न्यायालयाने शहराचा पुढचा बचावही फेटाळला.

२०२२ मध्ये नवव्या सर्किटने सॅन डिएगोच्या प्रकरणात नेमका उलट कौल दिला आणि खडूची खूण वैध ठरवली. त्यामुळे आज मिशिगन, ओहायो, केंटकी आणि टेनेसी या राज्यांत एक न्याय आणि कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांत दुसरा, अशी स्थिती आहे. या अनिश्चिततेतून सुटण्याचा सोपा मार्ग शहरांपुढे आधीपासूनच होता, तो म्हणजे गाडीला स्पर्शच न करणारा कॅमेरा. नंबरप्लेट वाचणारी ही यंत्रणा आता अनेक शहरांच्या पार्किंग विभागांत रुळली आहे. पावसाच्या एका सरीत पुसली जाणारी खूण बेकायदा ठरू शकते आणि वर्षानुवर्षे टिकू शकणारी नोंद मात्र त्या निकालाच्या कक्षेत येत नाही, हा या बदलातील विरोधाभास आहे.

शहरांना हे तंत्रज्ञान का हवे आहे

पायी फिरणारा कर्मचारी तासाभरात मोजक्याच गाड्या तपासू शकतो. छतावर कॅमेरे बसवलेली मोटार रस्त्याने नेहमीच्या वेगाने जाताना दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे क्रमांक टिपते. मनुष्यबळ कमी आणि पगाराचा खर्च वाढता, अशा स्थितीत पालिकांना हा फरक मोठा वाटतो.

दुसरे कारण पार्किंग मीटरच्या बदलत्या स्वरूपात आहे. पूर्वी यंत्रातून निघालेली पावती काचेआड ठेवावी लागे. २०१२ मध्ये पिट्सबर्गने ही पद्धत बदलली. चालकाने यंत्रावर आपल्या गाडीचा क्रमांक टाकायचा, पैसे भरायचे आणि निघून जायचे. न्यू यॉर्क शहरानेही २०२४ पासून टप्प्याटप्प्याने हीच पद्धत स्वीकारली. क्रमांक हीच पावती झाल्यावर ती तपासण्याचे काम यंत्राकडे जाणे ओघानेच आले.

तिसरे कारण नियोजनाचे आहे. पार्किंगच्या अर्थशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अनेक वर्षे एक सूत्र मांडले. रस्त्यावरील दर असे असावेत की प्रत्येक गल्लीत एखाददुसरी जागा नेहमी रिकामी मिळावी, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात. असे झाले तर जागेच्या शोधात चकरा मारणाऱ्या गाड्या कमी होतात, इंधन वाचते आणि दुकानदारांनाही गिऱ्हाईक मिळते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी किती जागा भरलेल्या असतात हे कळल्याशिवाय असे दर ठरवता येत नाहीत. कॅमेऱ्याची गाडी ही माहिती रोजच्या फेरीतच गोळा करते.

यंत्र नेमके काय करते

कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे घेतो. अंधारातही आयत स्पष्ट दिसावा म्हणून अवरक्त प्रकाशाचा वापर केला जातो, कारण नंबरप्लेटचा पृष्ठभाग हा प्रकाश परत फेकतो. संगणक चित्रातील प्लेट शोधतो, तीवरील अक्षरे आणि अंक ओळखतो आणि त्यांना वेळ व उपग्रहावरून मिळालेले ठिकाण जोडतो. हा क्रमांक मग याद्यांशी ताडून पाहिला जातो. पैसे भरलेल्यांची यादी, रहिवासी परवान्यांची यादी आणि जुने दंड थकवणाऱ्यांची यादी या त्यांपैकी मुख्य.

दोन तासांची मर्यादा असलेल्या जागी यंत्र खडूचेच काम करते. पहिल्या फेरीत गाडी टिपली जाते आणि दुसऱ्या फेरीत तीच गाडी तिथेच आढळली तर इशारा मिळतो. गाडी मध्यंतरी जाऊन परत आली नाही ना, हे पाहण्यासाठी काही यंत्रणा चाकाचेही छायाचित्र घेतात. चाकावरील हवा भरण्याच्या तोटीची जागा दोन्ही चित्रांत सारखी असेल तर गाडी हललेली नाही असा निष्कर्ष निघतो. खडूच्या काळातही काही कर्मचारी तोटीची जागा वहीत टिपून ठेवीत असत. यंत्राने ती जुनी युक्तीच उचलली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एक गाडी वेळेपेक्षा जास्त थांबली आहे हे ठरवण्यासाठी यंत्राला त्या रस्त्यावरील प्रत्येक गाडीची नोंद करावी लागते. नियम पाळणाऱ्यांच्या नोंदी हा या पद्धतीचा अपघाती भाग नाही. त्यांच्याशिवाय ती चालतच नाही. म्हणून दंड योग्य की अयोग्य एवढ्यावर हा विषय संपत नाही. दंड न झालेल्या गाड्यांच्या नोंदींचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

चूक कुठे होते

अमेरिकेत प्रत्येक राज्याची प्लेट वेगळी आणि एकेका राज्यात अनेक नमुने, कुठे पार्श्वभूमीला डोंगर तर कुठे विद्यापीठाचे चिन्ह. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘बी’ आणि आठ यांत गल्लत होते. भारतातील नव्या उच्च सुरक्षा प्लेट देशभर एकाच साच्याच्या आहेत. अमेरिकेत तसे नाही.

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते हे पोलिसांच्या दोन प्रकरणांतून दिसले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००९ साली यंत्राने तीनचा सात वाचला. चोरीच्या ट्रकचा क्रमांक समजून पोलिसांनी एका महिलेला बंदुकीच्या धाकावर रस्त्यावर गुडघे टेकायला लावले. तिची गाडी ट्रक नव्हतीच. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे ऑगस्ट २०२० मध्ये लहान मुलींसह एका कुटुंबाला रस्त्यावर पालथे झोपवले गेले. तिथे क्रमांक जुळत होता, पण चोरीला गेलेले वाहन मोंटाना राज्यातील मोटारसायकल होते. यंत्राने क्रमांक पाहिला, राज्य आणि वाहनाचा प्रकार माणसांनी पाहिला नाही.

पार्किंगमध्ये अशा चुकीचा परिणाम सहसा एका पावतीपुरता असतो. पण पार्किंगची यंत्रणा पोलिसांच्या चोरीच्या वाहनांच्या यादीशी जोडली गेली, तर तीच चूक वेगळे रूप घेऊ शकते. शिवाय काही गोष्टी क्रमांकातून कळतच नाहीत. अपंगांसाठीचे आरशाला टांगायचे कार्ड व्यक्तीच्या नावे असते, गाडीच्या नव्हे. ती व्यक्ती शेजाऱ्याच्या गाडीतूनही आलेली असू शकते. म्हणून पावती निघण्यापूर्वी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने छायाचित्र आणि परिस्थिती तपासणे हा या व्यवस्थेचा अनिवार्य भाग असायला हवा.

नोंद किती काळ राहते

अमेरिकेत याविषयी देशभर लागू असा एक कायदा नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये इशारा न मिळालेली नोंद तीन मिनिटांत नष्ट करावी लागते. मेनमध्ये ही मुदत २१ दिवस आणि मिनेसोटात ६० दिवस आहे. व्हर्जिनियाने २०२५ मध्ये २१ दिवसांची मर्यादा घातली. हे कायदे प्रामुख्याने पोलिसांच्या यंत्रणांना उद्देशून आहेत. पालिकेचा पार्किंग विभाग किंवा तिचा खासगी कंत्राटदार त्यांच्या कक्षेत येतो की नाही, हे प्रत्येक राज्याच्या कायद्यातील शब्दांवर अवलंबून असते. अनेक ठिकाणी ही मुदत शहर आणि कंपनी यांच्यातील करारातच ठरते.

साठवणीचे प्रमाण किती असू शकते, हे कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये दाखवून दिले. लॉस एंजेलिस पोलिसांकडे ३२ कोटी छायाचित्रे साठलेली होती आणि त्यांतील ९९.९ टक्के छायाचित्रे अशा वाहनांची होती, जी टिपली गेली तेव्हा कोणत्याही संशयित यादीत नव्हती.

एकटी नोंद निरुपद्रवी असते. धोका नोंदींच्या साखळीत असतो. दर मंगळवारी एखाद्या दवाखान्यासमोर, दर रविवारी एखाद्या मंदिराबाहेर, रात्री एखाद्या पत्त्यावर उभी असलेली गाडी मालकाचे आयुष्य सांगू लागते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हाच मुद्दा विचारात घेतला. केप कॉडला जाणाऱ्या दोन पुलांवरील चार कॅमेऱ्यांमुळे त्या प्रकरणात घटनेचा भंग झाला नाही, मात्र पुरेसे कॅमेरे आणि दीर्घकाळाच्या नोंदी एकत्र आल्या तर तो होऊ शकतो, असे न्यायालयाने नमूद केले.

माहिती कुणाच्या हाती जाते

व्हिसावर राहणाऱ्यांसाठी, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी हा प्रश्न अधिक जवळचा आहे. २०१८ मध्ये फेडरल इमिग्रेशन यंत्रणेने नंबरप्लेटच्या एका मोठ्या व्यापारी माहितीसाठ्याचा वापर करण्याचा करार केला होता. स्थानिक पातळीवर गोळा झालेली माहिती दूरच्या यंत्रणेपर्यंत पोहोचू शकते, ही शंका म्हणूनच निराधार म्हणता येत नाही.

काही राज्यांनी यावर कुंपण घातले आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यानुसार अशी यंत्रणा वापरणाऱ्यांनी गोपनीयतेचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. तेथील सरकारी संस्थांनी ही माहिती राज्याबाहेरील किंवा फेडरल यंत्रणांना देऊ नये, असे राज्याच्या ॲटर्नी जनरलांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२४ पासून कुणाच्या इमिग्रेशन स्थितीचा तपास करण्यासाठी ही माहिती देण्यास मनाई आहे.

इंग्लंडने वेगळा मार्ग घेतला. २०१५ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना कॅमेऱ्याच्या आधारे टपालाने पार्किंगचा दंड पाठवण्यास बहुतांश ठिकाणी मनाई केली. शाळांची प्रवेशद्वारे, बसथांबे, बसमार्गिका आणि लाल रेषांचे रस्ते एवढेच अपवाद ठेवले. खासगी वाहनतळांवर मात्र कॅमेरे सर्रास चालतात. तंत्रज्ञान तेच असूनही त्याची मर्यादा कायदा ठरवू शकतो, हे या उदाहरणातून दिसते.

नागरिकांनी काय विचारावे

बहुतेक शहरांत अशी खरेदी सिटी कौन्सिलपुढे येते. कार्यक्रमपत्रिका आधी प्रसिद्ध होते आणि बैठकीत बोलण्यासाठी नागरिकत्वाचा दाखला सहसा मागितला जात नाही. तिथला रहिवासी असणे पुरेसे असते. त्या वेळी चार प्रश्न विचारण्यासारखे आहेत. दंड न झालेल्या गाडीची नोंद किती तासांत वा दिवसांत नष्ट होणार? माहितीची मालकी शहराकडे राहणार की कंपनीकडे? ती पोलिसांना किंवा अन्य यंत्रणांना कोणत्या आदेशाने दिली जाणार आणि कुणी, केव्हा पाहिली याची नोंद राहणार का? आणि पावती निघण्यापूर्वी माणूस ती तपासणार का?

रोजच्या व्यवहारातही थोडी दक्षता उपयोगी पडते. मीटरवर वा ॲपमध्ये क्रमांक टाकताना ‘ओ’ आणि शून्य तपासावे. भाड्याची गाडी घेतल्यावर ॲपमधील जुना क्रमांक बदलावा आणि गाडी परत केल्यावर तो काढून टाकावा. पैसे भरल्याची पावती फोनवर जपून ठेवावी. चुकीचा दंड आला तर मुदतीच्या आत हरकत घ्यावी आणि दोन्ही वेळांची छायाचित्रे मागावीत. दंडाची रक्कम लहान म्हणून अनेक जण ती मुकाट्याने भरून टाकतात. मग यंत्राची चूकही कुणाच्या लक्षात येत नाही.

सॅगिनॉतील त्या पंधरा पावत्यांची एकूण रक्कम फार मोठी नव्हती. त्या नुसत्या भरल्या गेल्या असत्या, तर टायरवरच्या रेघेचा अर्थ न्यायालयाला कधी तपासावा लागला नसता. कॅमेऱ्याच्या नोंदींबाबत तो प्रश्न अजून बहुतेक शहरांत विचारला जायचा आहे आणि तो विचारण्याची सर्वांत सोयीची वेळ करारावर सही होण्यापूर्वीची असते.