उलट्या पावलांचा माग

आपल्या दुहैलमधील मराठी घरांत एक गोष्ट हमखास दिसते. मूल आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत आई-बाबा त्याला मराठी गोष्टी वाचून दाखवतात. तेराव्या वर्षी तेच मूल भुताखेतांच्या नि हेरांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या रात्री जागून संपवते आणि मराठी उरते ती ‘जेवायला ये’ एवढ्यापुरती. मुलांना बोल लावण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यायला आपल्याकडे काय आहे, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला.

हेर आहे, आणि अस्सल आहे. भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर टांग टाकून निघाला की चोरांची धडगत नाही. भुतेही आहेत. नारायण धारपांचे (१९२५–२००८) ‘समर्थ’ अघोरी शक्तींशी झुंजतात. पण तेथे हसायची सोय नाही, वाचून मोठी माणसेही दिवा मालवायला कचरतात! हसवणारे भूत आहे ते पडद्यावर. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या मास्तरांना अशोक सराफांचे भूत साथ देते. १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू बाहुल्यात शिरतो आणि पोलीस त्याच्या मागे लागतात. २०१७ साली फास्टर फेणेवर चित्रपट काढणाऱ्या आदित्य सरपोतदारांनीच २०२४ मध्ये ‘मुंज्या’ काढला, पण हिंदीत. हेर, भूत आणि हसू हे तिघे एकाच मराठी कादंबरीत, तेरा वर्षांच्या वाचकासाठी, क्वचितच भेटतात.

सामग्रीला मात्र तोटा नाही. आपली भुते नियमाने वागणारी, आणि नियम आले की हेराला काम आले. हडळीची पावले उलटी. म्हणजे माग काढणारा हेर नेमका विरुद्ध दिशेला जाणार! चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच जागी फिरतो; राउंडअबाउटवर तीन फेऱ्या मारणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मुंजाला पिंपळ लागतो. दुहैलमध्ये तो कोठून आणणार? येथील सिद्रा आपल्या बोरीच्या कुळातला, काटेरी. त्यावर बसायचे म्हणजे मुंजाची तक्रार पहिल्याच पानावर! आणि बारा पिंपळांवरचा मुंजा कोणाला म्हणतात, हे व्हिसा नि घरभाड्याचे करार सांभाळत फिरणाऱ्या आपल्याइतके कोण जाणते?

शेजाऱ्यांची भुतेही मदतीला आहेत. मोती काढणारे आखाती खलाशी ‘बू दर्या’ या समुद्रातल्या जिनाला भीत. भर दुपारी उन्हात हिंडणाऱ्या पोरांना येथील आज्या ‘हिमारत अल् गायला’ची, म्हणजे दुपारच्या गाढविणीची, भीती घालत. आता १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. हा नियम २०२१ चा. आज्यांची गाढवीण त्याहून कितीतरी जुनी.

तेव्हा मंडळी, दोन सूचना. सुट्टीहून परतताना पापड-लोणच्यांशेजारी प्रत्येक घराने मोठ्या मुलांसाठी एक मराठी पुस्तक आणावे आणि वाचून झाल्यावर फिरते ठेवावे. दुसरी, ही कादंबरी मुलांनीच लिहावी. एका मुलाने एक प्रकरण लिहायचे, पुढच्याने ते पुढे न्यायचे. अट एकच: भुताने कितीही गोंधळ घातला तरी उलगडा पुराव्यानेच व्हावा. ऱ्हस्व-दीर्घ ताई-दादांनी नंतर पाहावे, मूल लिहीत असताना नव्हे. त्या भीतीने हात थांबला, तर तो पुन्हा मराठीकडे वळणे कठीण.

पहिले प्रकरण आमच्याकडे द्या, याच पानावर छापू. दोन पाने पुरेत. शाई मात्र काळी वापरा. झेरॉक्सला निळी उठत नाही.