चार तिकिटं, दोन पीएनआर

वसईत विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानांत नाताळची धावपळ दिवाळीच्या आसपासच सुरू होते. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. अशाच एका काउंटरवर मी बसले असताना एक काकी आल्या. मुलगा, सून, दोन नातवंडं; दुबई ते मुंबई. ‘‘सकाळी मुलाने मोबाइलवर पाहिलं तेव्हा भाडं एवढं नव्हतं हो.’’

एजंटने स्क्रीन आमच्याकडे वळवला. वाय ९, एम ४, क्यू ३, अशी नुसती अक्षरं आणि आकडे. एकसारख्याच खुर्च्या, पण विमान कंपनी त्या वेगवेगळ्या भाड्यांत वाटून ठेवते. अक्षर म्हणजे भाड्याची पायरी, आकडा म्हणजे तिथे मिळू शकणाऱ्या जागा; ९ म्हणजे नऊ किंवा जास्त. स्वस्त पायरीवर तीनच जागा होत्या. चौघांचं एकत्र मागितलं की यंत्र सहसा चौघांनाही वरच्या पायरीचं भाडं लावतं. एजंट म्हणाला, ‘‘काकी, सून आणि मुलं एका पीएनआरवर घेऊ, मुलगा दुसऱ्यावर.’’ तिघांचे पैसे तिथेच वाचले.

भाडं उतरतंही. कुणी धरून ठेवलेल्या जागांची मुदत टळली की त्या परत येतात. विक्री मंदावली की कंपनी खालची पायरी पुन्हा उघडते. रेल्वेनेही सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला असाच चढता दर लावला, पण तिथे दर दहा टक्के जागा भरल्या की दहा टक्के वाढ, हा नियम जाहीर होता. विमानाची पायरी कधी संपेल, हे प्रवाशाला कळत नाही. मे २०२० मध्ये सरकारने देशांतर्गत भाड्यांना किमान-कमाल मर्यादा घातली होती, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली.

मला खटकतं ते हे, की ज्याची रजा मालक शेवटच्या आठवड्यात मंजूर करतो, त्यालाच बहुधा सगळ्यांत वरचं भाडं पडतं. लवकर ठरवणं त्याच्या हातात नसतंच.

काकींच्या तिकिटांत एक धोका राहिला होता. विमान रद्द झालं तर दोन पीएनआरना वेगवेगळी विमानं मिळू शकतात. म्हणून पैसे घेण्याआधी एजंटने दोन्ही बुकिंगांत एकमेकांचे क्रमांक नोंदवले.