किल्ल्यावरचे मावळे

वरळी कोळीवाड्याच्या टोकाशी दगडी किल्ला उभा आहे. दिवाळीत मुले दारात करतात तो मातीचा. यंदा त्यांना उंबरखिंड करायला सांगा. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडले, ते दाट झाडी नि अरुंद वाट यांच्या जोरावर. म्हणून मावळे चकचकीत रंगवू नका. ते रानात लपले पाहिजेत. चित्रे सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. आधी खडूचा पांढरा हात, मग गेरू, काजळी. पायाखाली मातीची चपटी बैठक हवी, म्हणजे चित्र कलंडत नाही. अळीव पाच-सहा दिवस आधी पेरा. मावळे झाडीत, खानाची फौज उघड्या वाटेवर मांडा. थोड्यांनी पुष्कळांना कसे अडवले, हे गुरुजी, मग पोरेच तुम्हांला सांगतील.