शिकवण्याबद्दलचे चार गैरसमज

‘या पोराच्या डोक्यात काही शिरतच नाही’, ‘सहावी ब म्हणजे नुसता गोंधळ’ अशी वाक्यं शाळेत सहज कानावर पडतात. वर्तनविज्ञान मुलाच्या स्वभावाला दोष देण्याआधी तासाला नेमकं काय घडतं, ते मोजून पाहतं. या मोजणीत बरेच रूढ समज टिकलेले नाहीत.

गैरसमज १ : पुन्हा पुन्हा वाचलं की पक्कं होतं.

वस्तुस्थिती : हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदाच वाचून, न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला जास्त आठवला. आठवड्याने मात्र त्यातलं ४२ टक्केच उरलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. तासाच्या शेवटी वही मिटून घेतलेली, गुण नसलेली छोटी चाचणी हाही अभ्यासच आहे.

गैरसमज २ : चटकन उत्तर आलं नाही, म्हणजे येत नाही.

वस्तुस्थिती : मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं मोठी झाली, निरुत्तर राहणं कमी झालं आणि ‘कच्ची’ समजली जाणारी मुलंही बोलू लागली.

गैरसमज ३ : नियम ठणकावून सांगितले की शिस्त लागते.

वस्तुस्थिती : चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि डॉन थॉमस यांनी १९६८ साली प्राथमिक वर्गांत हे तपासलं. नुसत्या नियमांनी फारसा फरक पडला नाही. खोड्यांकडे दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याची लगेच दखल, ही जोडी मात्र प्रभावी ठरली. शाबासकीही नेमकी हवी : ‘हुशार आहेस’पेक्षा ‘प्रत्येक पायरी नीट लिहिलीस’ यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळतं. छडीला तर जागाच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

गैरसमज ४ : बक्षीस लावलं की गोडी लागते.

वस्तुस्थिती : १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रांची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. मूल जे आपणहून आनंदाने करतं, त्यावर बक्षिसाची अट घालू नये.

यातल्या कशालाही जादा निधी किंवा नवं साहित्य लागत नाही. शिक्षकांनो, एकच बदल निवडा, महिनाभर पाळा आणि किती हात वर होतात ते टिपून ठेवा. मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारण्याआधी आपली पद्धत तपासणं, हे आपलं कर्तव्य आहे.