घरचे टमाटे कोणी किती खावे?

परसात टमाट्याची चार रोपे लावली की आपण रोज सकाळी डोकावून बघतो. आज एक पिकला, उद्या दोन पिकले. मग एकदम टोपलीभर पिकतात. बाजारात न्यावे, तर भाव नाही. टाकून द्यावे, तर जीव होत नाही. मग काय? सकाळी टमाट्याची चटणी, दुपारी सार, रात्री भाजी. पोरे तर येता-जाता तोडून कच्चेच खातात.

कोणी हटकले की आपण म्हणतो, "घरचंच आहे की! त्यानं काय होतंय?"

खरेच काय होते, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट. टमाटा हे चांगले फळ आहे. १०० ग्रॅम टमाट्यात सुमारे ९४ ग्रॅम पाणीच असते. शिवाय त्यात क जीवनसत्त्व असते. धडधाकट माणसाने रोज दोन-तीन टमाटे खाल्ले, तर भिण्याचे काही कारण नाही.

"टमाट्याच्या बियांनी मुतखडा होतो," असे गावोगाव बोलतात. ते खरे नाही. बी पोटातून आतड्यात जाते आणि शौचावाटे बाहेर पडते. ते मूत्रपिंडात जातच नाही. पुष्कळ मुतखडे ऑक्झलेट नावाच्या पदार्थापासून बनतात. तो टमाट्यात थोडाच असतो. पालकात तो कितीतरी पट जास्त असतो.

मग फार खाल्ले तर काहीच होत नाही का? तसेही नाही. १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका बाईची हकीगत छापली. ती बाई कित्येक वर्षे रोज सुमारे २ लिटर टमाट्याचा रस पीत होती. तिची कातडी नारिंगी-पिवळी दिसू लागली. टमाट्याचा लाल रंग तिच्या अंगात साठला होता. रस बंद केल्यावर रंग उतरत गेला. एवढे कोणी खात नाही म्हणा! पण चांगल्या वस्तूलाही माप असते, हे यावरून कळते.

आता कोणी जपायचे ते सांगतो.

टमाटा आंबट असतो. ज्यांना आम्लपित्त आहे, त्यांच्या छातीत आणि घशाशी त्याने जळजळ होऊ शकते. अशांनी तो उपाशीपोटी खाऊ नये. रात्री टमाट्याचे सार पिऊन लगेच आडवे होऊ नये. तोंड आले असेल, तर चार दिवस टमाटा बंद ठेवावा.

याच आंबटपणामुळे भांडेही पाहावे लागते. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात टमाट्याचे सार करू नये आणि ठेवूही नये. आंबटाने तांबे उतरते आणि सारात मिसळते. ते पोटात गेले की मळमळ होते, उलट्या होतात. दोष टमाट्याचा नसतो, भांड्याचा असतो. कल्हई गेली असेल, तर स्टीलचे पातेले घ्यावे.

टमाट्याचा पाला भाजीला वापरू नये. त्यात विषारी अंश असतो. गुरांपुढेही तो टाकू नये.

आणि घरचे झाड म्हणजे बिनविषारी झाड, असेही समजू नका. शेतात फवारणी झाली की उरलेले औषध पुष्कळ जण परसातल्या झाडावर मारतात. दुसऱ्या दिवशी पोरे तेच टमाटे तोडतात. हे फार धोक्याचे आहे. औषध कोणत्या पिकाचे आहे आणि फवारल्यावर किती दिवस थांबायचे, हे डब्यावर किंवा आतल्या कागदावर छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते. ते वाचावे. तेवढे दिवस फळ तोडू नये. तोडल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्यांचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, बिघडले आहे, त्यांनी टमाटा डॉक्टरांना विचारूनच खावा. टमाट्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. १०० ग्रॅमला तो सुमारे २४० मिलिग्रॅम असतो. निरोगी माणसाच्या अंगातले जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साठते. फार साठले, तर हृदयाचे ठोके चुकतात. हृदय बंदही पडू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चार टमाटे आटवले की वाटीभर चटणी होते. पाणी उडून जाते, पोटॅशियम उडत नाही. म्हणून "मी वाटीभरच खाल्लं," हा हिशेब चुकतो. वाटीत किती टमाटे गेले, ते मोजावे.

घरात असा रोगी असेल, तर रक्त तपासल्याचा कागद जपून ठेवा. त्यावर पोटॅशियमचा आकडा असतो. पुढच्या वेळी तो डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा, "साहेब, घरी टमाटे पिकलेत. यांनी किती खावे?" विचारायला लाजू नये.

टोपली भरली की आपण शेजारीपाजारी टमाटे वाटतो. ही रीत चांगली आहे, ती सोडू नका. पण देताना एवढे विचारा, "घरात कोणाला किडनीचा त्रास आहे का?" असला, तर टमाटे बाकीच्यांसाठी द्या आणि रोग्याबद्दल काय जपायचे ते सांगून या. त्यांना वाचता येत नसेल, तर हा धडा त्यांना वाचून दाखवा.