यंत्रगुरुजी मराठी बोलणार का?

२०२४ साली तिरुअनंतपुरमच्या एका शाळेत साडी नेसलेली 'आयरिस' ही यंत्रशिक्षिका उभी राहिली. तिची छायाचित्रे देशभर छापून आली. "गुरुजी, असलं यंत्र आपल्या शाळेत कधी?" असे सीमाभागातले पालकही विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. पण अन्यत्र काय घडले तेही पाहिले पाहिजे.

जपानमधील एका प्राथमिक शाळेत 'रोबोव्ही' हा इंग्रजी बोलणारा यंत्रमानव दोन आठवडे ठेवला होता. त्याचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड उडाली, दुसऱ्यात गर्दी ओसरली. ज्यांचा उत्साह टिकला, त्यांचेच इंग्रजी सुधारले.

नेदरलँड्समध्ये 'नाओ' या दोन फुटी यंत्रमानवाने पाच वर्षांच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवले. १९४ मुलांच्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ साली आला. मुले शिकली, पण नुसत्या टॅब्लेटवर शिकणारी मुलेही तेवढीच शिकली. शिवाय एवढ्या लहान मुलांचे बोलणे यंत्राला नीट उमगत नाही, म्हणून उत्तरे टॅब्लेटवरच घ्यावी लागली.

तिथल्याच तुर्की घरांतील मुलांवर झालेला प्रयोग आम्हा सीमावासीयांच्या अधिक जवळचा. घरी तुर्की, शाळेत डच. यंत्राने डच शब्द शिकवताना तुर्की अर्थही सांगून पाहिला. जादा फायदा दिसला नाही. मग मातृभाषेचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. प्रयोग अवघ्या सहा शब्दांचा होता. मातृभाषेतून शिकणे म्हणजे शब्दाला प्रतिशब्द देणे नव्हे. मूल कुठे अडले, हे त्याच्याच बोलीत विचारावे लागते. आमची पोरे "काय करायलास?" म्हणतात, ते यंत्राला कोण शिकवणार?

घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. हे कलम १९५६ सालचे, म्हणजे आमच्यावर अन्याय झाला त्याच वर्षीचे. शिक्षकाची रिकामी जागा भरण्याऐवजी परभाषेत बोलणारे यंत्र आणून उभे केले, तर या कलमाला अर्थ उरणार नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. गुरुजींच्या हाताखाली ते जरूर राबावे. मात्र असा प्रस्ताव आलाच, तर पालकांनी शाळा सुधारणा कमिटीच्या बैठकीत विचारावे: ते मराठी बोलते का? आमच्या मुलांची मराठी त्याला कळते का? शिक्षकाची जागा कायम राहणार का? उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज ठरावावर सही करू नये.